न भाजलेला राब

आमच्या कोळवणात भात पेरायच्या आधी वाफ्यावर शेण-पाला पसरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तण मरावं म्हणून भाजतात, असं लोक सांगतात. माझा बाप वेगळंच सांगायचा.

"सोमनाथ, आगघोरपड माघात वाफ्यात अंडी घालती. राबाची धग लागल्याबिगर ती फुटत न्हाईत. पिलं निघंस्तवर आई पंख मिटून बांधावर बसती. काय बी खात न्हाई."

गेल्या वर्षी राब भाजायच्या आधीच मी जमीन विकली. ती घेणाऱ्या शेखरसाहेबांनी वाफ्यावर फरशी घातली आणि मलाच राखणीला ठेवलं.

तेव्हापासून भर दुपारी फरशीखालून टकटक येते.

"काका, पाइपात हवा अडकलीय का?"

"व्हय साहेब," मी म्हणतो आणि बांधाकडे बघायचं टाळतो. तिथं बसलेल्या आगघोरपडीच्या बरगड्या दिसायला लागल्यात.

आज साहेबांनी मक्याची कणसं आणली. फरशीवरच कोळसे रचले. त्यांची छोटी आरोही भोवती अनवाणी नाचत होती.

"काका, काडेपेटी आहे?"

वर्षभर माझा जीव खाणारी टकटक एकदाची थांबेल, एवढंच माझ्या मनात आलं. मी काडेपेटी दिली.

कोळसे फुलले. टकटक थांबली.

बांधावर ती मिटलेले पंख उघडून उभी राहिली.