डाव्या बाजूचा कंदील

"आ करा," डॉक्टर म्हणाले, आणि वकीलसाहेबांनी आ केला.

त्यांना बोलताना थांबवू शकणारी शहरात ही एकच खुर्ची होती. कोर्टात समोरचा वकील, घरी बायको, फोनवर कर्ज विकणारी मुलगी, कुणाचंच त्यांच्यापुढे काही चालत नसे. झोपेतसुद्धा उलटतपासणी घेतात, असं बायको सांगायची. आता मात्र तोंडात आरसा, गालात कापूस आणि जिभेखाली लाळ ओढणारी नळी. वाक्यं घशापर्यंत येत होती आणि नळीतून वाहून जात होती.

डॉक्टर बोलत होते. विषय दातांचा नव्हता. खुर्चीशेजारी, जिथे इतर दवाखान्यांत औषधांचं कपाट असतं, तिथे टेबलावर हातभर लांबीचं लाकडी गलबत उभं होतं. सुट्या भागांचं किट मागवून डॉक्टरांनी ते स्वतः बांधत आणलं होतं. सांगाड्यावर एकेक पट्टी वाफेवर वाकवून बसवलेली. पट्ट्यांमधल्या फटी त्यांनी दात भरायच्या औजारांनी बुजवल्या होत्या, दोरखंडाच्या गाठी टाके घालायच्या चिमट्याने मारल्या होत्या. बाहेर बाकावर सुजलेले गाल ताटकळत असले, तरी डोलकाठीला लावलेला सरस वाळल्याशिवाय दार उघडत नसे.

"सगळं अस्सल लाकडाचं," डॉक्टर म्हणाले, "आणि पिछाडीचे दोन कंदील तेवढे प्लॅस्टिकचे. मी फेकून दिले. हा काय न्याय झाला, तुम्हीच सांगा."

न्याय या विषयावर वकीलसाहेबांकडे निदान अर्ध्या तासाचं बोलणं तयार होतं.

"आँ," ते म्हणाले.

"तेच म्हणतो मी."

वकीलसाहेब आले होते ते वरच्या उजव्या दाढेला गार पाणी लागतं म्हणून. एवढंच. पन्नाशी केव्हाच उलटली होती, पण तोंडातला एकही दात हललेला नव्हता, आणि ही गोष्ट ते अशिलाला फीच्या आधी सांगत. कॉलेजात असताना त्यांनी पैजेवर सोड्याच्या बाटलीचं झाकण याच दाढेने उघडलं होतं. तेव्हा तिचा एक टवका उडाला. त्रिकोणी, तांदळाच्या दाण्याएवढा. लढाईतला वण दाखवावा तसा ते तो गाल ओढून दाखवत.

आरसा त्या दाढेपाशी आला आणि थांबला. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. दाढ सगळ्या बाजूंनी न्याहाळली.

"काय दाढ आहे," शेवटी ते हळूच म्हणाले. "अशी घडण हल्ली बघायला मिळत नाही."

वकीलसाहेबांना कापसाआड गुदगुल्या झाल्या.

"काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

हरकत घ्यायला वकीलसाहेबांनी हात वर केला. तोवर सुई टोचून झाली होती.

दाढ निघाल्यावर त्यांनी ती बघायला मागितली, अर्थात खुणेने. "आता तिचं काय बघायचं," असं म्हणत डॉक्टरांनी ती कापसात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात टाकली. कचऱ्याची बादली त्यांच्या पायाशीच होती. एखाद्या साक्षीदाराने असं केलं असतं, तर वकीलसाहेबांनी त्याला संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यातून उतरू दिलं नसतं. पण तोंडात बोळा होता, आणि शेवटी डॉक्टर ते डॉक्टर.

घरी ते मुकाट बसून राहिले. बायकोने दोनदा डोकावून खात्री करून घेतली. मग टीव्ही लावून आपल्याला हवा तो कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला.

"अहो," ती नंतर म्हणाली, "ती खुर्ची कुठे मिळते, तेवढं विचारून या ना."

टाका दाखवायला ते गेले, तेव्हा गलबतावर शिडं चढली होती. पिछाडीला उजव्या बाजूचा कंदील बसला होता. पांढराशुभ्र, गुळगुळीत, वर पितळी टोपी. डावी बाजू रिकामी होती.

"हस्तिदंत दिसतोय," वकीलसाहेब म्हणाले. तोंड मोकळं होतं, त्यामुळे सुरुवात त्यांचीच. "कायद्याने गुन्हा आहे, डॉक्टर. मित्र म्हणून सांगतो."

"हस्तिदंत नाही."

"मग काय आहे? आणि डावीकडचा कुठाय?"

"जोडीला जोड मिळायला वेळ लागतो. बसा ना. आ करा."

वकीलसाहेब बसले. नळी आली, आरसा आला. उजव्या बाजूच्या टाक्याकडे डॉक्टरांनी ओझरतं पाहिलं आणि आरसा डावीकडे नेला.

"इथेही गार लागत असेल."

"आँ-आँ," वकीलसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"लागेल. दोन्ही एकाच घडणीच्या आहेत. हीही काढून टाकू, म्हणजे प्रश्नच मिटला."

आरसा आणि नळी काढून घेऊन डॉक्टर सुई भरायला वळले. वळताना त्यांच्या कोपराचा धक्का दिव्याला लागला आणि झोत गलबतावर पडला. कंदील आतून पेटल्यासारखा उजळला. त्याला एक चिमुकली खिडकी होती. त्रिकोणी, तांदळाच्या दाण्याएवढी.

वकीलसाहेबांची जीभ आपोआप उजवीकडच्या रिकाम्या जागेवर गेली आणि तिथेच थांबली.

"चला," डॉक्टर सुई घेऊन प्रेमाने वाकले. "आ करा."

वकीलसाहेबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.