नोंद झालेले गुन्हे

"सातवा रकाना कोरा ठेवलात, काकू," खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला आणि त्याने अर्ज फिरवून त्यांच्यासमोर धरला.

वस्ती सुरक्षा अनुदानाचा अर्ज होता तो, चौदा पानी. रेल्वे पुलाखालच्या वाटेवर दिवे लावून हवे होते आणि दोन कॅमेरे. गल्लीतल्या बायकांनी हे काम काकूंच्या गळ्यात घातलं, कारण काकूंचं अक्षर चांगलं आणि त्यांच्या शिवणाच्या दुकानात सगळ्यांचीच ऊठबस. काकूंनी तीन आठवडे खपून नकाशा काढला, फुटलेल्या दिव्यांचे फोटो चिकटवले, दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. फक्त सातव्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं होतं. 'या जागी गेल्या तीन वर्षांत नोंद झालेले गुन्हे.'

"चौकीत विचारून आले मी. एकही नाही म्हणाले."

"मग नशीबवानच की तुम्ही!" कारकून हसला. त्यांचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. "पण मग दिवे कशाला, असं वरचे विचारणार. जिथे काही घडतं तिथे आधी मंजुरी. एक जरी नोंद असती ना, तरी मी अर्ज पुढे रेटला असता. बघा काही जमलं तर. शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

अर्ज पिशवीत घालून काकू घरी निघाल्या. पुलाखालून दहा मिनिटं लागली असती. त्या मोठ्या रस्त्याने वळसा घालून गेल्या. गल्लीतली प्रत्येक बाई तसाच वळसा घालायची. सही करताना कितीजणी तरी म्हणाल्या होत्या, "माझं काही नाही हो, पण माझ्या ओळखीत एक आहे, तिला तिथे..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं होतं. काकूंनी कुणालाच पुढे विचारलं नव्हतं. "हो ना, माझ्याही ओळखीत एक मुलगी आहे," एवढंच त्या म्हणायच्या आणि सहीची जागा दाखवायच्या.

दुकानाच्या पडद्यामागे लेक मशीनवर बसून पॅंटची खालची पट्टी दुमडत होती. गिऱ्हाईक आलं तरी ती आता पडद्याबाहेर येत नसे.

"घेतला अर्ज?"

"नाही. शून्य चालत नाही म्हणाले."

लेकीचा पाय पायडलवर थांबला.

दोन वर्षांपूर्वी ती औषधांच्या दुकानात कामाला होती. एका संध्याकाळी पुलाखालून घरी आली तेव्हा तिची बाही खांद्यापासून उसवली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. जरा वेळाने फुटायला लागला, तेव्हा काकूंनीच तिच्या तोंडावर हात ठेवला. "काही झालेलं नाही. कळलं? काही एक झालेलं नाही." मग त्यांनी बाही मशीनखाली घेतली आणि शिवून टाकली. टाका इतका बारीक, की शोधूनही सापडू नये.

"शून्य नाहीये ते," लेक म्हणाली.

"जाऊ दे गं. मी बघते. मागच्या गल्लीत कुणाला तरी विचारते, एखादीनं तक्रार दिली तर..."

"कुणाला विचारशील? तिलाही आई असेलच ना."

लेकीने दात लावून दोरा तोडला, पॅंटची घडी घातली आणि ती उठून चप्पल शोधायला लागली.

"आत्ता? अगं, दोन घास खाऊन तरी..."

"आत्ताच. खाली बसले तर परत उठणार नाही मी."

चौकीत एक तरुण पोलीस बाई होती. तिने दोघींना आतल्या खोलीत नेलं, पंखा लावला, पाणी दिलं. तारीख विचारली. लेकीने तारीख सांगितली, वारही सांगितला. पोलीस बाईचा हात थांबला.

"दोन वर्षं झाली. इतका उशीर का, तेही लिहावं लागतं मला."

लेक टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"मी नको म्हटलं होतं," काकू म्हणाल्या.

पोलीस बाईने मान हलवून लिहिलं, 'घरगुती कारणामुळे.' काकूंना ते उलटं असूनही वाचता आलं.

"घरगुती नको, बाई. आईनं गप्प बसवलं, असं लिहा."

पोलीस बाईने एकदा त्यांच्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. मग ओळ खोडली आणि सांगितलं तसं लिहिलं. लेकीनेही ते वाचलं. तिचा चेहरा हलला नाही.

"आई, तू बाहेर बस," ती म्हणाली. "पुढचं मी सांगते."

रागावून म्हणाली असती, तर काकूंनी निमूट ऐकून घेतलं असतं. ती रागावलीही नव्हती.

बाहेर भिंतीशी लाकडी बाक होतं. काकू त्यावर बसल्या. दार पुरतं लागत नव्हतं. लेकीचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. थोडं बोलायची, थांबायची. बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मग पोलीस बाई हळूच विचारायची, "मग?" आणि लेक पुन्हा बोलायला लागायची.

काकू कान देऊन ऐकत होत्या. 'मग?' एवढासा शब्द. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून तो एकदाही निघाला नव्हता.