पुराच्या पाच फाइली

"आजोबा, कृष्णेच्या पुराची गोष्ट एकच आणि फाइली पाच?" नात म्हणाली.

मी दर वेळी नवीच थाप मारायचो आणि बायको ती टाइप करून ठेवायची. आता तिच्या वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत एकच, खरी गोष्ट छापायची होती.

नातीनं पाचही फाइली कॉम्प्युटरवर ताडून पाहिल्या. जे जुळेना ते लाल झालं. पाण्याची उंची लाल, मगरीची लांबी लाल, माझं शौर्य तर सगळंच लाल. पाचांत सारखी एकच ओळ उरली: 'हिनं काठावरून पातळ फेकलं आणि मला ओढून काढलं.'

"खरं तेवढंच," मी म्हणालो. "बाकी पूस."

तिनं लाल ओळी पुसायला घेतल्या.

"थांब गं. मगर राहू दे. पाचांतली सगळ्यात लांब आहे ती. टाइप करताना तुझी आजी तिथंच हसायची."