मोफत वेबसाइट

लहानसहान संस्थांच्या वेबसाइट बाबा घरबसल्या फुकट चालवायचे. त्या दुपारी लेक भेटायला आली, तेव्हाही ते फोनवर एका वृद्धाश्रमाच्या बाईंना फोटो चढवायला शिकवत होते. तिला त्यांनी हातानेच 'थांब' म्हटलं. तासभर ताटकळून ती निघून गेली. पहाटे झोपेतच बाबा गेले.

आठवड्याने बाबांच्या मोबाइलवर त्याच बाईंचा फोन आला, तो लेकीने उचलला. "बाबा वारले," तिने सांगितलं.

"अगंबाई! देवमाणूस हो अगदी. बरं, आमची साइट बंद पडलीय, आता कोण बघणार? मेलं फुकटचं असलं की हे असंच!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना जन्मभर जे ऐकवलं नव्हतं, ते तिने बाईंना ऐकवलं.

"फुकट कसलं, बाई? आमच्या वाट्याचे बाबा वापरलेत तुम्ही!"