लाडके सर

नर्सिंगच्या कोर्सला सर सगळ्या मुलींचे लाडके होते. रबरी हातावर सुई तिरकी गेली तरी ते हसून म्हणायचे, "राहू दे गं, कामाला लागलीस की जमेल आपोआप." शेजारच्या वर्गातल्या बाई मात्र हात बसेपर्यंत सोडायच्या नाहीत, त्यांच्या मुली रडकुंडीला यायच्या.

सरांची आई आजारी पडली. घरी येऊन रोज इंजेक्शन द्यायला कुणीतरी हवं होतं. कळल्याबरोबर सरांची एक विद्यार्थिनी धावत आली. "सर, आजींचं सगळं मी करते. तुमच्यासाठी एवढंही नाही करणार?"

सरांचे डोळे पाणावले. "तू विचारलंस, त्यातच सगळं आलं, बाळा."



ती गेल्यावर ते हळूच शेजारच्या वर्गात शिरले. "बाई, आईला इंजेक्शन द्यायला तुमच्या वर्गातली एखादी मुलगी मिळेल का?"