सध्याचा पत्ता

मेल आला तेव्हा रुपा खोक्यात भांडी भरत होती. ओले हात कुर्त्याला पुसून तिने मोबाइल उचलला, मेल वाचला आणि तिथेच ओट्यापुढे फतकल मारून बसली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा ऑफिसने कळवलं होतं, फाइल शेवटच्या टप्प्यात आहे. तब्येतीची तपासणी, पोलिसांचा दाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, सगळं मान्य झालं होतं. राहती जागा सोडत असल्याचं तिनेच त्यांना कळवलं होतं. आता नवा पत्ता आणि त्याचा पुरावा तेवढा पाठवायचा होता.

तिने नवऱ्याला, भाग्येशला फोन लावला. तो मेलबर्नजवळच्या दुधाच्या कारखान्यात कामावर होता. त्याने फोन उचलला, तरी रुपा मेलच पुन्हा वाचत होती.

"अगं, बोल की. काय झालं?"

"पत्ता," ती म्हणाली. "एक पत्ता दिला की झालं. फक्त एक पत्ता."

पलीकडे तो इतक्या मोठ्याने हसला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग दोघं एकाच वेळी बोलू लागले. तिने थंडीचं विचारलं. तो म्हणाला, स्वेटर इथेच घेऊ. दुपारी त्याने दुकानातून फोटो पाठवला. त्याने दुसरी उशी घेतली होती.

पण पत्त्यापाशीच घोडं अडलं. शहाद्यातली ही खोली पाडून घरमालक तिथे दुकानं बांधणार होता. रुपा तालुक्याच्या एका लॅबमध्ये काम करायची. तिथली मैत्रीण जागृती तिला आपल्या खोलीत घ्यायला तयार होती, पण त्या खोलीचा मालक कुठलाही कागद देत नसे. माहेर मोलगीच्या पुढे, डोंगरातल्या पाड्यावर. तिथे घरांना नंबर नव्हते. टपाल मोलगीच्या बाजारात कुणा ओळखीच्या हाती पडलं तरच वर पोचायचं.

राहिलं एकच घर. ब्राह्मणपुरीचं, भाग्येशच्या वडिलांचं. त्या घराचा उंबरा रुपाने पाहिलाही नव्हता. सपाटीवरच्या पाटलांच्या मुलाने डोंगरातली मुलगी केली, ती रजिस्टर लग्न करून. त्या दिवशी हेमराज पाटलांनी मुलाला एवढंच सांगितलं होतं, "सुखी ऱ्हाय, पन आठे यवू नको." घराचं दार बंद झालं, पण ना शिवी, ना आदळआपट. तेव्हापासून दोन्हीकडून फोन बंद.

"मी बाबांना विचारतो," भाग्येश संध्याकाळी फोनवर म्हणाला.

"नको. इतक्या दिवसांनी फोन करायचा आणि तोही कागदासाठी? मी बघते काहीतरी."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने गादी गुंडाळली, पुस्तकं पोत्यात भरली. मनातला आनंद काही कमी होत नव्हता. पत्त्याचं निघेल काहीतरी, असं स्वतःलाच सांगत ती गुणगुणत खोक्यांना दोरी बांधत होती, तेवढ्यात दार वाजलं.

दारात पांढरी टोपी घातलेला उंच माणूस उभा होता. भाग्येशच्या मोबाइलमधल्या फोटोत होता त्यापेक्षा बराच वाळलेला. रुपाने त्यांना ओळखलं आणि ओढणी डोक्यावर घेतली. पायाशी वाकावं की दूर उभं राहावं, ते तिला कळेना.

"तू रुपा शे ना?"

"हो."

"भाग्येशना फोन उना व्हता."

तिने नको म्हटलं तरी भाग्येशने वडिलांना फोन केलाच होता. ते आत आले. बसायला जागा नव्हती, म्हणून बांधलेल्या गादीवरच टेकले. खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाले, "पानी दे."

तिने हातानेच पेला विसळला आणि भरून दिला. हेमराज पाटलांनी तिच्या हातून तो घेतला आणि एका दमात रिकामा केला. रुपा त्यांच्या गळ्याच्या हलणाऱ्या शिरेकडे बघत राहिली. डोंगरातून आलेल्या लोकांना या भागात ओट्याखाली बसवून वरून पाणी ओतताना तिने लहानपणी पाहिलं होतं.

त्यांनी खिशातून घडी केलेले दोन कागद काढले. एक घराचं लाइट बिल. दुसरा स्टॅम्प पेपर, खाली त्यांची सही. रुपा जान्या ही माझी सून असून माझ्या ब्राह्मणपुरी येथील घरी राहते, असं त्यावर तिच्या पासपोर्टवरच्या नावाने लिहिलं होतं.

'सून' या शब्दावर तिची नजर अडकली. तिने तिथेच दोन्ही कागदांचे फोटो काढले, मेल उघडला. मुक्काम ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, असं लिहिलं. आता पाठवायचं, की मेलबर्न.

बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले. पण मी तिथे राहत नाही. खोटं कसं लिहू?"

हेमराज पाटील उठले. ज्या गादीवर बसले होते, तीच उचलून त्यांनी खांद्यावर टाकली.

"मंग आजपाईन ऱ्हाय. खाले गाडी उभी शे," ते म्हणाले. "तुन्ही सासू सकायपाईन ओट्यावर बठेल शे."