सुट्टीच्या दिवसाची थरथर

"काका, गिरणी बंद करा," सुनेत्रा म्हणाली.

"ताई, बाहेर सात डबे रांगेत आहेत. बायका माझंच पीठ करतील."

रंगनाथकाकांच्या छातीवरच्या, ठोके नोंदवणाऱ्या पट्टीचा आलेख तिच्या हातातल्या पडद्यावर सरकत होता. सकाळपासून प्रत्येक ठोक्यामागे एक बारीक थरथर उमटत होती. हृदय बंद पडण्याच्या नऊ दिवस आधी ती सुरू होते, हे आता गावोगावी ठाऊक होतं.

"गिरणीचा हादरा असेल," काका म्हणाले.

"मीही तेच समजले होते."

तिच्या वडिलांचीही गिरणी होती. पट्टीच्या पहिल्या चाचणीत त्यांच्या आलेखातली थरथर तिनेच यंत्राचा गोंगाट समजून पुसून टाकली होती. हृदय बंद पडून ते गेल्यावर तिने मूळ नोंदी पुन्हा उघडल्या. थरथर सोमवारीही होती, आणि सोमवारी गिरणीला सुट्टी असायची. ती सुरू झाली होती ते जाण्याच्या नऊ दिवस आधी. शोध लागला तो तिथेच.

काकांनी कुरकुरत खटका पाडला. पट्टा फिरत फिरत थांबला. बाहेरच्या बायकांचं बोलणं आत ऐकू येऊ लागलं. पडद्यावरची थरथर मात्र तशीच राहिली.

काका पोत्यावर बसले. "म्हणजे नऊच दिवस?"

"उपचाराला दोन पुरतात. उठा, गाडी उभी आहे."

"तेवढे सात डबे..."

"नाही."

बाहेर पडताना तिने दारावरच्या फळीवर खडूने लिहिलं, 'गिरणी बंद.' मग थोडं थांबून खाली लिहिलं, 'पुढच्या मंगळवारी काका स्वतः दळतील.'